बाळाच्या कानांची तपासणी पुण्यात: कागद नेमके कुठे अडतात

बाळाला ऐकू येतं का, हे तपासून घ्यायला अपंगत्वाचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही, पिवळं रेशनकार्डही लागत नाही. तरी ‘आधी कागद गोळा करतो’ म्हणत पालक महिनेच्या महिने घालवतात. खरं वेळापत्रक असं: १ महिन्याच्या आत पहिली तपासणी, ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान, ६ महिन्यांच्या आत श्रवणयंत्र सुरू. यातला ‘६’ तेवढा लक्षात राहतो आणि पहिली तपासणीच सहाव्या महिन्यात होते.

जायचं औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनच्या कान-नाक-घसा ओपीडीत. सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आई किंवा वडिलांचं आधार न्यावं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, औंध त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्यामुळे तिथे शुल्क आधी विचारून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) पथक येत असेल तर त्यांची संदर्भ चिठ्ठी जरूर घ्या.

पहिली तपासणी ओएई. कानात मऊ टोक बसवतात, बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानाकडून येणारा प्रतिसाद मोजतात. बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. कागदावर ‘रेफर’ आलं म्हणजे बाळ बहिरं ठरलं, असं नाही. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात चिकट स्राव असतो, सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, तेव्हाही ‘रेफर’च येतं. पुन्हा तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ. उलट, काचेच्या पेटीत ५ दिवसांहून जास्त राहिलेल्या किंवा काविळीमुळे रक्त बदलावं लागलेल्या बाळाच्या ‘पास’वर विसंबू नका. ओएईला आतल्या कानाच्या पलीकडे मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष दिसत नाही. अशा बाळांची बेरा, म्हणजे ही नस आवाजाला प्रतिसाद देते का ते मोजणारी तपासणी, करून घ्या. आणि आजी म्हणते ‘ताट वाजवलं की वळतं की!’ ती तपासणी नव्हे. मध्यम दोष असलेलं मूलही ताटाच्या दणक्याला वळतं.

बेरा हुकते ती तेलामुळे आणि झोपेमुळे. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात. मालिश करून आणलेल्या बाळाच्या अंगावर ते टिकत नाहीत. त्या दिवशी डोक्याला तेल नको. प्रवासात झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर दूध पाजा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ बहुधा आपोआप झोपतं. मोठ्याला झोपेचं औषध द्यावं लागतं आणि त्यासाठी आधी बालरोगतज्ज्ञ लागतो, म्हणजे आणखी एक तारीख.

दोष पक्का ठरला की मग दिव्यांग प्रमाणपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरच करायचा. इथे अडवणारा कागद म्हणजे बाळाचं आधार. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, बारसं लांबलेलं, म्हणून आधार नाही, आणि त्यापायी अर्ज पडून. नाव आधी नोंदवून घ्या. बाळंतपण माहेरी पुण्यात, आधारवर पत्ता सासरचा सोलापूरचा, हाही नेहमीचा घोळ. नियमानुसार राहत्या जिल्ह्यात किंवा उपचार चालू असलेल्या रुग्णालयात अर्ज करता येतो. रुग्णालय निवडताना हे पाहिलं नाही तर अर्ज सोलापुरात जाऊन बसतो.

एकाच कानाने ऐकू येत नसेल तर दिव्यांगांच्या सवलतींसाठी लागणारे ४० टक्के भरत नाहीत. सूत्र असं: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले ५, त्यात वाईट कानाची मिळवून ६ ने भागायचं. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा निरोगी, तर उत्तर १७ च्या आसपास. हे आधी कुणी सांगत नाही, खेटे मात्र घालायला लावतात.

खासगी अहवाल जोडणार असाल तर ऑडिओलॉजिस्टची सही, शिक्का आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यावर आहे का, ते तिथेच काउंटरवर उभं राहून बघा. नुसता आलेख छापलेला कागद परत येतो.