‘वर आहे’ म्हणजे बॅकअप आहे का?

सकाळी साडेसातला आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला तेव्हाच ओळखलं, लॅपटॉपचं काहीतरी आहे. “अरे, बारशाचे फोटो वर आहेत म्हणाला होतास ना तू?”

होते की. लॅपटॉप घेतला त्या दिवशी मीच दादाला क्लाउडचं खातं जोडून दिलं होतं. फोल्डरांवर हिरव्या टिका आल्या आणि ‘आता काळजी नको’ म्हणून मी चहा पिऊन घरी आलो. पुढे डिस्क भरत आली. दादाने साधा हिशेब केला: फोटो वर आहेतच, मग इथले उडवू. उडवले. दीड महिन्याने आत्याला अल्बम छापून हवा होता म्हणून वर बघायला गेला, तर तिथे काहीच नाही. तिथल्या कचराकुंडीची मुदत तीस दिवसांची, तीही उलटून गेलेली.

यात सॉफ्टवेअरची चूक शून्य. ते सिंक करणारं होतं आणि त्याने इमानेइतबारे सिंक केलं: इथलं गेलं, तिथलंही काढलं. चूक माझी. सिंकला मी बॅकअप म्हणालो होतो.

दोन्हींत फाइलीची दुसरी प्रत तयार होते, म्हणून घोळ होतो. पण सिंकला एकच काळजी असते, आत्ता दोन्हीकडे सारखं आहे ना? बॅकअपला विचारायचा प्रश्न वेगळा असतो, मंगळवारी दुपारी हे कसं होतं? तुम्ही हिशेबाच्या फाइलीत चुकून तीन रकाने पुसले आणि सेव्ह केलं, तर ती चूक काही सेकंदांत वर पोचवणं हे सिंकचं कामच आहे. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलीही तितक्याच तत्परतेने वर जातात. बॅकअपने मात्र जुनी प्रत धरून ठेवायला हवी, तुम्ही कितीही घाईने चूक केलीत तरी.

आता गंमत अशी की विंडोजमध्ये ज्या ॲपवर ‘बॅकअप’ असं नाव लिहिलेलं आहे, ते मुख्यतः सिंक आहे. आणि ज्यात खरा बॅकअप आहे, ती दोन साधनं जुन्या कंट्रोल पॅनेलच्या सांदीकोपऱ्यात पडून आहेत.

पहिलं ते ॲप. ‘विंडोज बॅकअप’ २०२३ मध्ये विंडोज १० आणि ११ वर आलं. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ, म्युझिक हे फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडतं; शिवाय सेटिंग, ॲपांची यादी, वायफायचे पासवर्ड खात्यात ठेवतं. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुन्याची घडी पुन्हा बसवायला छानच आहे. पण ॲपांची ती नुसती यादी असते, ॲपं नव्हेत. फुकट जागा ५ जीबी, म्हणजे एका लग्नाच्या फोटोंनाही पुरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला. वर्षभराचे जादा सुरक्षा अपडेट फुकट मिळवायचे तर आपल्याकडे एक मार्ग होता तो याच ॲपातून सेटिंग सिंक करण्याचा. त्यामुळे कित्येकांनी ते तेव्हा सुरू केलं आणि आपला बॅकअप झाला असं धरून चालले.

त्यात काय येत नाही हे बघा. डाउनलोड्स फोल्डर येत नाही. टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मुळात सी ड्राइव्हच्या युझर्स–पब्लिक या वाटेवर बसतो, तो या पाच फोल्डरांत नाही. म्हणजे दुकानाचा तीन वर्षांचा हिशेब सोडून देवदर्शनाचे फोटो तेवढे वर. आणि आपल्याकडचा लाडका डी ड्राइव्ह तर नाहीच नाही.

डी ड्राइव्हबद्दल इथेच बोलून घेतो. “महत्त्वाचं सगळं डी ला टाकलंय” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला जायचा आणि डी वाचायचा, त्या काळात ही सवय लागली आणि तेवढ्यापुरती ती बरोबरही होती. पण बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्क गेली की दोन्ही बरोबरच जातात. एकाच खिशात दोन पाकिटं ठेवण्यासारखं आहे हे.

दुसरं साधन फाइल हिस्टरी. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलं. बाहेरची डिस्क किंवा नेटवर्कवरची जागा दाखवली की दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत तिथे ठेवतं. मूळ सेटिंगमध्ये जुन्या प्रती कायम राहतात. हा खरा बॅकअप. मला ते आवडतं, आणि त्याचं कारण त्या डिस्कवर उघडून बघितलं की कळतं. फाइलहिस्टरी नावाचा फोल्डर, आत तुमचं नाव, मग संगणकाचं नाव, मग डेटा, आणि त्यात सरळ तुमच्याच फाइली. ‘जमाखर्च’ नावाची एक्सेल फाइल असेल तर तिच्या पुढे कंसात ‘२०२५_०३_१४ ०५_४२_१० यूटीसी’ असं शेपूट लागलेलं दिसतं. एका ओळखीच्या सीएंच्या कार्यालयात हे बघून चांगलाच गोंधळ उडाला, पहाटे पावणेसहाला कोण काम करत होतं? कोणी नाही. ती वेळ ग्रीनविचची आहे. साडेपाच तास मिळवा, अकरा वाजून बारा मिनिटं. या प्रती दुसऱ्या कुठल्याही संगणकावर दोनदा टिचकी मारून उघडतात, त्यासाठी फाइल हिस्टरी लागतही नाही. बॅकअपची प्रत उघडायला तेच सॉफ्टवेअर असावं लागत नाही, हा मोठा गुण आहे.

तो किती मोठा, हे विंडोज एक्सपी वापरलेल्यांना विचारा. त्यात एनटीबॅकअप नावाचं साधन होतं, ते बीकेएफ फाइल करायचं. त्यापुढची आवृत्ती व्हिस्टा आलं आणि नवं बॅकअप साधन ती फाइल उघडेना. मायक्रोसॉफ्टला फक्त जुनी फाइल उघडण्यासाठी वेगळं साधन द्यावं लागलं. ज्यांना ते माहीत नव्हतं त्यांच्या हातात नुसता एक मोठा बंद डबा उरला.

मग फाइल हिस्टरीवर विसंबावं का? निम्मं. ते मुकाट्याने थांबतं, हा त्याचा दोष. डिस्क काढली की थोडा काळ प्रती संगणकावरच साठवतं, मग जागा संपते. एखादी फाइल घेता आली नाही तर त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या आतल्या नोंदवहीत होते, जिथे सामान्य माणूस जन्मात डोकावत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्सच्या बाहेरचा फोल्डर हवा असेल तर विंडोज ११ मध्ये तो आधी एखाद्या ‘लायब्ररी’त घालावा लागतो. एवढं कोण करतं? टॅलीवाले तर नाहीच. आणि संपूर्ण संगणक उभा करणं त्याला जमत नाही, ते फक्त फाइलींचं साधन आहे.

संपूर्ण संगणकासाठी तिसरं: ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’. विंडोज ११ मध्ये आजही हे नाव कंसातल्या ७ सकट दिसतं. त्यातून अख्ख्या डिस्कची सिस्टिम इमेज काढता येते, म्हणजे विंडोज, ॲपं, फाइली सगळं जसंच्या तसं. पण २०१७ मध्येच मायक्रोसॉफ्टने सिस्टिम इमेज कालबाह्य यादीत टाकली आणि त्यासाठी दुसऱ्यांची साधनं वापरा असं सुचवलं. शिवाय इमेज परत टाकायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही. जुन्या १ टीबी हार्ड डिस्कची इमेज नव्या ५१२ जीबी एसएसडीवर टाकायला गेलात, तर डेटा फक्त ८० जीबी असला तरी ती नकार देते. बनवणाराच ‘दुसरं बघा’ म्हणतोय, तर आपण कशाला हट्ट धरायचा?

मॅकवाल्यांचं बरं आहे. टाइम मशीन हे त्यातलं बॅकअपचं साधन २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर आलं आणि ते नावाला जागतं. शेवटच्या चोवीस तासांच्या तासागणिक प्रती, महिनाभराच्या रोजच्या, त्यामागच्या दर आठवड्याच्या. डिस्क भरली की सगळ्यात जुनी काढतं. घरातल्या मॅकला मी दुसरं काही घालत नाही. पण घोळ तिथेही आहेच: २०१६ पासून ॲपलचं क्लाउड, आयक्लाउड, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सिंक करू लागलं, आणि बरेच जण त्यालाच बॅकअप समजून बाहेरची डिस्क घेणं टाळतात. लिनक्सवरही तीच तऱ्हा. टाइमशिफ्ट घेतलं की सगळं सुरक्षित असं वाटतं, पण ते मुळात प्रणालीच्या फाइली सांभाळतं, तुमचा होम फोल्डर आपणहून घेत नाही. त्याला देजा दूप हे वेगळं बॅकअप साधन लागतं.

विंडोजवर पर्याय बरेच. कार्यालयांत मी व्हीम एजंटची फुकट आवृत्ती बसवतो. अख्ख्या संगणकाचा बॅकअप घेते, नंतर फक्त बदललेला भाग घेते, आणि तिच्यापासून बनवलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून सगळं परत टाकता येतं. दिसायला रुक्ष आहे, मोठ्या सर्व्हरवाल्यांसाठीचं साधन असल्यासारखं. फुकट साधनांत मॅक्रियम रिफ्लेक्ट अनेक वर्षं माझ्यासकट सगळ्यांचं आवडतं होतं; जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या फुकट आवृत्तीचा आधार बंद झाला. तेव्हा पर्याय अंगचा असो की बाहेरचा, आजन्म कोणीच बांधील नाही. नुसत्या फोल्डरांसाठी फ्रीफाइलसिंक आहे, पण नाव वाचा! मिरर पद्धतीने चालवलंत तर तेही मूळ जागी पुसलेलं प्रतीतून पुसतं. पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात तारखेसह ठेवायची सोय त्यात आहे, ती लावली की मगच ते बॅकअपच्या जवळ येतं.

सिंकवर अन्याय नको. वनड्राइव्हमध्ये फाइलीच्या जुन्या आवृत्त्या मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे भरणाऱ्यांना सगळं वनड्राइव्ह गेल्या तीस दिवसांतल्या एखाद्या क्षणापर्यंत मागे नेता येतं. आज सकाळची चूक संध्याकाळी लक्षात आली तर हे पुरेसं आहे, आणि लॅपटॉप एसटीत राहिला तर सिंकइतकं सोयीचं काही नाही. माझ्याही लॅपटॉपवर सिंक चालू असतं. अडतं ते चूक उशिरा कळते तेव्हा, आणि घरगुती चुका उशिराच कळतात. बारशाचे फोटो रोज कोण उघडून बघतं?

सिंकचा आणखी एक चकवा. फोल्डरात फाइल दिसते, पण तिच्यावर ढगाची खूण असते: ती तुमच्या संगणकावर नाही, नुसतं नाव आहे. जागा वाचवायची ही सोय. अशा फोल्डराची इमेज काढली की इमेजमध्येही नुसतं नावच जातं. आणि कंटाळून वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप बंद केला की डेस्कटॉप मोकळा होतो, ‘माझ्या फाइली कुठे आहेत’ अशा अर्थाचा एक शॉर्टकट तेवढा उरतो. दिवसाढवळ्या चोरी झाल्यासारखा चेहरा करून लोक येतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात शाबूत असतात.

बाहेरच्या डिस्कचंही एक सांगायचं. ती कायम खोचून ठेवली तर रॅन्समवेअरला तीही सापडते. काढून कपाटात ठेवली तर फाइल हिस्टरीचं दर तासाचं काम बंद. मी दोन डिस्क ठेवतो. एक आठवडाभर लावलेली, दुसरी भावाच्या घरी, आणि रविवारी जेवायला गेलो की अदलाबदल. पीटर क्रोग या फोटोग्राफरमुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम (तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर) माझ्याकडे असा रविवारच्या मटणावर चालतो.

भरवसा कशावर ठेवायचा याचं माझं माप एकच, परत काढता येतं का? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रत ठेवण्याचे पाच प्रकार त्यांच्याकडे होते. ऐनवेळी त्यातला एकही धड चालत नव्हता. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं. तिथे संगणकच ज्यांचा धंदा अशी माणसं होती; आपल्याकडे तर हिरवी टिक दिसली की विषय संपतो.

दादाकडे आता जुन्या १ टीबी डिस्कवर फाइल हिस्टरी आहे, वर सिंकही आहे. बारशाचे निम्मे फोटो वहिनीच्या माहेरच्यांच्या फोनमधून गोळा झाले, व्हॉट्सॲपवरून आलेले, बारीक झालेले. त्यातून अल्बम छापला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दादाला फोन करतो आणि गेल्या महिन्यातल्या एखाद्या फाइलीचं नाव सांगतो. ती डिस्कवरून काढून मला पाठवायची. मागच्या खेपेला अकरा मिनिटं लागली. त्यातली सात डिस्क शोधण्यात गेली. वहिनीने ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती.