मेट्रो हवी, पण कारशेड आरेत का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. ३३.५ किलोमीटरची ही मार्गिका मुंबईला हवीच होती; लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला तिचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच 'विकास विरुद्ध पर्यावरण' असा रंग या वादाला दिला गेला, याचं वाईट वाटतं. भांडण मेट्रोशी नव्हतं, कारशेडच्या जागेवरून होतं.

कारशेड म्हणजे गाड्यांचा रात्रीचा मुक्काम, धुलाई, चाकांची आणि डब्यांची दुरुस्ती. त्यासाठी मोठी, मार्गाला लागून असलेली जागा लागते. आरेतली सुमारे ३३ हेक्टर जमीन सरकारचीच होती, त्यामुळे भूसंपादनाची कटकट नव्हती. आरे ही १९४९ साली तबेल्यांसाठी वसवलेली दुग्ध वसाहत. कागदावर ती जंगल नव्हती आणि पुढची बरीचशी कोर्टबाजी याच मुद्द्याभोवती फिरली. शेजारचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बिबट्यांचा वावर, जवळून वाहणारी मिठी नदी, हे सरकारी नोंदीत कुठून दिसणार? २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तेव्हाही कारशेडची जागा त्यातून वगळली गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडं तोडायला किंवा हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी कळताच माणसं धावत आली. पोलिसांनी जमावबंदी लावली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. वरच्या कोर्टात जायला लोकांना एक दिवसही न देणं, ही त्या रात्रीतली सगळ्यात लागलेली गोष्ट.

पुढे सरकारं बदलली तशी जागाही बदलत गेली. उद्धव ठाकरे सरकारने २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेली आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन वन म्हणून राखायचं ठरवलं. कांजूरच्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकार येताच कारशेड पुन्हा आरेत आली. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडं तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जायची मुभा दिली होती. मेट्रो महामंडळ त्याहून जास्त झाडांची परवानगी मागायला गेलं, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये त्याला १० लाखांचा दंड झाला.

मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होऊन कार्बन वाचेल, हा महामंडळाचा हिशेब मला पटतो. पण तो अख्ख्या शहराचा हिशेब आहे. कारशेडच्या जागेवरचा प्रजापूर पाडा त्यात कुठेच नाही. तिथल्या आदिवासी कुटुंबांना झोपडपट्टीवासी धरून पुनर्वसनाच्या इमारतीत हलवलं गेलं. अंगणातली फळझाडं आणि पावसाळ्यात भाजीपाला पिकणारी जमीन मागेच राहिली.