ठिपका दिसतो तो रक्ताचा

कर्वे रस्त्यालगतच्या आमच्या सेंटरमध्ये गेल्या पावसाळ्यात इंदापूरकडचे एक शेतकरी काका आले होते. मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. हात हलवणारा भाग तिच्यापासून किती लांब आहे, हे सर्जनना ऑपरेशनआधी हवं होतं, म्हणून फंक्शनल एमआरआय, म्हणजे एखादं काम करताना मेंदूचा कुठला भाग चेततो ते ठिपक्यांनी दाखवणारी तपासणी. मी इंटरकॉमवरून सांगायचे, "काका, उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवा." अर्ध्या मिनिटाने, "आता थांबा." असं आळीपाळीने काही मिनिटं. नंतर पडद्यावरचा केशरी ठिपका बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, मी मनात काय म्हणत होतो तेही दिसलं का ह्याच्यात?"

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. 2008 मध्ये इथल्याच सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी पुरावा म्हणून धरली गेली होती. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. पण ती चाचणी निदान मेंदूची वीज तरी टिपत होती. आमचं मशीन वीज टिपत नाही. त्याला दिसतं ते रक्त.

मेंदू कामाला लागला की तिथे रक्त धावतं, हे पहिल्यांदा नीट पाहिलं इटलीच्या अँजेलो मोस्सो यांनी, 1880 च्या आसपास. त्यांचा बर्टिनो नावाचा रुग्णही शेतकरीच. कवटीला भगदाड पडलेलं, त्यातून मेंदूचे ठोके मोजता यायचे. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि ठोके उसळले; हातातली नाडी मात्र होती तशीच राहिली. 1890 मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी कारण सुचवलं: काम करताना मेंदूत जे टाकाऊ द्रव्य साचतं, तेच रक्तवाहिन्या रुंदावतं. लवकरच लिओनार्ड हिल यांनी असा काही संबंधच नाही असं ठासून सांगितलं. त्यांचा दबदबा एवढा की विषय कित्येक वर्षं मागे पडला. मला याची फार हळहळ वाटते. 1928 मध्ये बोस्टनच्या जॉन फुल्टन यांनी एका रुग्णाच्या डोक्याला मागून स्टेथोस्कोप लावला. तिथे रक्तवाहिन्यांचा गुंता होता. रुग्ण वाचायला लागला की रक्ताची घरघर वाढायची.

खरा पेच 1986 मध्ये समोर आला. सेंट लुईसच्या पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी मोजलं, तर चेतवलेल्या भागात रक्तप्रवाह 29 टक्के वाढला होता, ऑक्सिजनचा वापर मात्र जेमतेम 5 टक्के. गरजेपेक्षा इतकं जास्त रक्त कशाला?

काकांना मी त्यांच्याच भागातलं उदाहरण दिलं. खडकवासल्याच्या कालव्याला आवर्तन सुटतं. टोकाच्या चारीवरचा एक वाफा भिजवायचा असला तरी पाट वरपासून भरून वाहतो. वाफा पितो थोडं, पाटात पाणी दिसतं भरपूर. काका लगेच म्हणाले, "म्हणजे तुमचं मशीन पाट बघतं, वाफा नाही." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

हे जादा रक्त मशीनला दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, ऑक्सिजनने भरलेलं ओढलं जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. चोपन्न वर्षांनी बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी त्याचा उपयोग उंदरांच्या मेंदूवर केला: ताजं रक्त आलं की चुंबकीय गडबड कमी होते आणि तो भाग किंचित उजळतो. 1992 मध्ये तीन गटांनी पाठोपाठ माणसांवर तेच करून दाखवलं. उजळणं किती, तर काही टक्केच. तेही पाच-सहा सेकंद उशिरा भरात येतं. चेतापेशींचं काम मिलिसेकंदांत उरकलेलं असतं.

2001 मध्ये निकोस लोगोथेटिस यांनी माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड आणि एमआरआय एकाच वेळी वापरले. ठिपक्याचा मेळ त्या भागातून बाहेर जाणाऱ्या संदेशांपेक्षा तिथे येणाऱ्या आणि तिथल्या तिथे चालणाऱ्या हालचालीशी जास्त बसला. शेरिंग्टन यांचं कारणही आता अपुरं ठरलंय. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात तेव्हाच रक्तवाहिन्यांना निरोप जातो, टंचाईची वाट पाहिली जात नाही. पाणी मागणीचा अर्ज जमीन भेगाळण्याआधीच गेलेला असतो म्हणा ना.

आणि गाठीजवळ हा निरोप पोचूनही वाहिन्या हलत नाहीत, असं होतं. म्हणून शेवटी काकांना थोडा वेळ श्वास रोखून धरायला लावला, पुन्हा पुन्हा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की निरोगी वाहिन्या रुंदावतात आणि चित्र उजळतं. गाठीच्या मागच्या काठाला ते उजळलं नाही. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "इथे ठिपका नाही म्हणून हा भाग मोकळा धरू नये." सर्जननी ऑपरेशनच्या टेबलावर तो काठ सौम्य विजेने तपासला, तेव्हा काकांचा अंगठा हलला.