खाडीत फ्लाय चालत नाही? चालते!

ठाणे-नवी मुंबईच्या गळवाल्यांत एक समज मुरला आहे: फ्लाय फिशिंग म्हणजे हिमाचलातला ट्राउट, आपल्या गढूळ खाडीत ते जमायचं नाही. पण फ्लाय, म्हणजे गळावर केस-धागे बांधून केलेलं खोटं आमिष, ही फक्त माशीच नसते. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक फ्लाय छोट्या माशाची किंवा कोळंबीची नक्कल असतात, आणि जिताडा, तांबोशी तेच खातात.

सुरुवात क्लाउझर मिनो या फ्लायपासून करा. बॉब क्लाउझर यांनी ती अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बांधली, पण खाऱ्या पाण्यातही ती उत्तम चालते. 1/0 मापाचा स्टेनलेस गळ घ्या. गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायच्या भोकापासून) साधारण एक तृतीयांश अंतर मागे, दांडीच्या वरच्या बाजूला डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचं धातूचं वजन) दोऱ्याने आठच्या आकड्यात घट्ट आवळा, मग सुपरग्लूचा थेंब. या वजनामुळे गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या कचऱ्यात कमी अडकतं. पांढरे बोकडाचे केस बांधा, गळ उलटा करून चमकीचे चार-पाच धागे, त्यावर हिरवट केस.

नवशिक्याचं बहुतेक वेळा इथेच बिघडतं: केसांचा झुपका जाड होतो, फ्लाय तरंगत राहते. केसांतून उजेड दिसला पाहिजे. दुसरी चूक, गळाच्या डोळ्यापर्यंत दोरा भरणं. मग लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधली बारीक दोरी, ओवायला जागाच उरत नाही.

आठ नंबरच्या (वजनाच्या) लाइनचा नऊ फुटी रॉड पुरे. फेकताना वजन लाइनचं असतं, फ्लायचं नव्हे. जिताड्याचे कल्ले धारदार, म्हणून लीडरच्या टोकाला 30-40 पौंड ताण सोसणारा जाड दोरीचा तुकडा हवाच. ओहोटी लागली की खारफुटीच्या नाल्यांच्या तोंडाशी फेका; फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द मात्र टाळा.