बिंज ईटिंग आणि खाण्याची तलफ

बिंज ईटिंग म्हणजे थोड्या वेळात, साधारण दोनेक तासांत, तेवढ्या वेळात कुणीही खाईल त्याहून कितीतरी जास्त खाणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाताना आपला हात आपल्याच्याने थांबत नाही ही जाणीव. तलफ म्हणजे भूक असो-नसो, एक ठरावीक पदार्थच पाहिजे अशी ओढ. तलफ सगळ्यांनाच येते, नुसत्या तलफेला कोणी आजार म्हणत नाही. आणि चवथीला खतखत्यासकट दाबून जेवून वर चार नेवऱ्या आणि पातोळ्या हाणल्या, सगळे हसले, संध्याकाळी पोट जड झालं, तर तेही बिंज नव्हे, तो सण आहे.

या प्रकाराचं वर्णन १९५९ मध्ये अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी केलं, पण स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळायला २०१३ उजाडलं, त्या वर्षी डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचाराच्या निदानग्रंथात तो आला. त्यातला निकष असा की असं खाणं सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, आणि सोबत पुढच्यापैकी किमान तीन गोष्टी: भराभर खाणं, पोट गच्च होऊन त्रास होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, २०२२ पासून लागू झाली, त्यात खाल्लेलं प्रमाण खूप मोठं असलंच पाहिजे असा हट्ट नाही, ताबा सुटला का हे जास्त बघतात. मला हे जास्त पटतं, कारण दोन पोया (आपले कोंड्याचे पाव) आणि अर्धा डबा बिस्किटं हे कागदावर फार दिसत नाही, पण रात्री अकराला स्वयंपाकघरात दिवा न लावता, डब्याचं झाकण वाजू नये म्हणून नखाने हळूच उचलून खाल्लेलं असेल तर प्रकरण वेगळं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, हे नेहमी होत असेल तर तो बुलिमिया, त्यात रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होऊ शकतो, तिथे डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

वजनावरून काहीच कळत नाही. बारीक दिसणाऱ्या माणसालाही हा त्रास असतो.

असं का होतं

लोक याला तोंडावर ताबा नाही म्हणतात, हावरटपणा म्हणतात. बऱ्याच वेळा गोष्ट उलटी असते, संध्याकाळचं बिंज सकाळच्या उपाशीपणात सुरू झालेलं असतं. समजा फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणारी एक मुलगी, सकाळी नुसता चहा, दुपारी डाएट म्हणून काकडी आणि एक सफरचंद, चार वाजता डोकं दुखतंय म्हणून परत चहा, मग गच्च भरलेल्या बसमधून उभ्याने परत, स्टँडवर उतरल्यावर मिरची भज्यांचा वास. दोन भजी घेते. आता मोडलंच ना, मग मोडू दे, म्हणून भाजी-पाव, घरी आल्यावर शीत आणि हुमण (भात आणि माशांची आमटी), आणि सगळे झोपल्यावर डबा. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप म्हणून परत नुसता चहा. हे चक्र आहे, आणि ते रात्रीच्या डब्यापाशी तोडायला गेलं तर तुटत नाही, ते सकाळच्या चहापाशी तोडावं लागतं.

उपासमारीने साध्यासुध्या माणसाचं काय होतं हे मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये बघितलं. ३६ निरोगी तरुण, स्वखुशीने आलेले, त्यांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते दिवसरात्र खाण्याचंच बोलायला लागले, काहीजण स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले, आणि नंतर भरपूर खायला मिळाल्यावरही कित्येकांचं पोट भरल्यासारखं वाटेना, खातच राहिले. ही माणसं आधी हावरी नव्हती.

मग श्रावण पाळणाऱ्या आपल्या घरांत सगळे महिनाभर मासे सोडतात, तिथे असं का होत नाही? माझ्या मते दोन कारणं, एक म्हणजे मासे नसले तरी पोटभर जेवण असतंच, आणि दुसरं म्हणजे सगळं घर मिळून ते पाळतं, त्यात लाज नसते. डाएट एकट्याने आणि चोरून चालतं. अर्थात ज्याला आधीच बिंजचा त्रास आहे त्याने निरंकार उपास करू नये, फराळाचं वेळेवर खावं.

उपाशीपणा हे एकच कारण नाही. ताण, एकटेपणा, नैराश्य, लहानपणी वजनावरून ऐकलेली बोलणी, घराण्यात असलेली प्रवृत्ती, हे सगळं मिसळलेलं असतं. झोप कमी झाली की भूक वाढते, हॉटेल आणि कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असेल. पाळीच्या आधीच्या दिवसांत गोडाची ओढ वाढणं कॉमन आहे. दारूने लगाम सैल होतो. पाकिटातल्या पदार्थांचंही आहे: २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या टीमने अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अति-प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं, तर पहिल्या प्रकारात लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले.

तलफ मात्र बरीचशी शिकलेली असते. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू रस्त्याच्या वळणावर वाजला की पोट भरलेलं असूनही गरम उंड्याची (गोल पावाची) आठवण येते, कारण मेंदूने तो आवाज आणि ती चव वर्षानुवर्षं जोडून ठेवली आहे. टीव्हीसमोरची खुर्ची, ठरावीक दुकान, मोबाईलवरचं डिलिव्हरी अ‍ॅप, यांचंही तसंच.

काय करतात

उपचारात सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचाराला, आणि त्याची पहिली पायरी इतकी साधी की लोकांचा विश्वास बसत नाही: वेळेवर खा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडंसं, आणि जागेपणी चारेक तासांपेक्षा मोठी गॅप नको. काल रात्री बिंज झालं तरी आज सकाळचा नाश्ता करायचाच, नेमकं हेच अवघड जातं. सोबत एक वही, त्यात काय खाल्लं, किती वाजता, कुठे, आणि तेव्हा मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. आठ-दहा दिवसांत पॅटर्न आपोआप दिसतो, अमुक फोन आल्यावर, किंवा फक्त रविवारी संध्याकाळी, असं.

तलफ आली तर तिच्याशी कुस्ती खेळण्यापेक्षा तिला लाटेसारखं बघायचं, ती चढते, माथ्याला जाते आणि आपण काही नाही केलं तरी उतरते. व्यसनमुक्तीच्या कामात अ‍ॅलन मार्लाट यांनी ही पद्धत रूढ केली. तेवढा वेळ अंगणात फेरी मारा, कुणाला फोन लावा. पण पाच तास पोटात काही नसेल तर ती तलफ नाही, भूक आहे, तिथे जेवायचंच.

ज्याची भीती वाटते तो पदार्थ कायमचा हद्दपार करू नये. बेबिंका आवडत असेल तर एक तुकडा बशीत घेऊन, बसून, चारचौघांत खावा. आणि घरच्यांनी एका तोंडाने दोन गोष्टी बोलू नयेत, जेवताना "खा गो बाय, एवढंसं काय घेतलंस" आणि हात धुवून झाल्यावर "केवढी सुटलीस गो तू". कपाटाला कुलूप घालून तर काही होत नाही, लपवणं तेवढं वाढतं.

गोव्यात एक गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेह असलेल्याला अचानक थरथर, घाम आणि खा-खा सुटली तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते, तेव्हा लाटबिट बघत बसायचं नाही, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं. बिंज होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, नाहीतर इन्सुलिनचा हिशोब चुकतच राहतो.

औषधांत लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिनला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१५ मध्ये मध्यम ते तीव्र बिंज ईटिंगसाठी मान्यता दिली, पण ते वजन कमी करायचं औषध नाही आणि त्याची सवय लागण्याचा धोका आहे. नैराश्य सोबत असेल तर त्यावरची औषधं डॉक्टर देतात.

गोव्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि तिथेच मानसोपचाराची सरकारी संस्था आयपीएचबी. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं समजणारे अजून आहेत, पण ओपीडीत झोप न येणाऱ्यापासून परीक्षेच्या टेन्शनपर्यंत सगळ्या तऱ्हेचे लोक दिसतात. तेवढंही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही चालू असतो. डॉक्टरसमोर "वजन वाढलंय" एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा डाएटचा कागद हातात येतो, म्हणून "खायला लागले की थांबता येत नाही, आठवड्यातून इतक्यांदा होतं, आणि लपून खाते" असं सरळ सांगावं.