ट्री स्टँडवरून हरणाची धनुष्यशिकार

झाडाच्या खोडाला बांधलेल्या छोट्याशा मचाणावर (यालाच ट्री स्टँड म्हणतात) उजाडायच्या आधीपासून गप बसायचं आणि खालून जाणाऱ्या हरणावर धनुष्यातून बाण सोडायचा, अशी ही शिकारीची पद्धत. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी धनुष्यवाले बहुतेक हीच वापरतात. नावात शिकार असली तरी यात शिकारीपेक्षा बसणंच जास्त, बहुतेक सकाळी धनुष्य ताणायचीही वेळ येत नाही. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे खालचं सगळं तिकडचं, मुख्यतः विस्कॉन्सिन राज्यातलं.

विस्कॉन्सिनच का, तर आधुनिक काळातला हरणासाठीचा धनुष्याचा पहिला वेगळा सीझन 1934 साली याच राज्याने सुरू केला. पर्यावरणवाले ज्यांना खूप मानतात ते अल्डो लिओपोल्ड तिथेच प्रोफेसर होते आणि ते स्वतः धनुष्यं बनवायचे, धनुष्याने शिकारही करायचे. 1900च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे ही हरणं देशात काही लाखांवर आली होती, मग सीझन, लायसन्स, किती मारायची याची मर्यादा असे नियम आले आणि आज आकडा साधारण 3 कोटींच्या घरात आहे. म्हणजे आता उलटी पंचाईत, शेतात हरणं, हायवेवर हरणं, लोकांच्या बागेत हरणं.

धनुष्यही आता रामायण सिरीयलमधलं राहिलं नाही. मिझुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये पुल्या लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळालं, आणि त्यालाच कंपाउंड बो म्हणतात. याची गंमत अशी की ताणायला 60 पौंड जोर लागणारं धनुष्य पूर्ण ताणलं की पुल्या फिरून जोर एकदम कमी होतो आणि हातावर 12-15 पौंडच उरतात, त्यामुळे हरीण झाडामागून बाहेर येईपर्यंत ताणून धरता येतं. साध्या लाकडी धनुष्यात हे जमत नाही, काही सेकंदात हात थरथरतो. तरी हट्टाने लाकडीच वापरणारेही आहेत.

स्टँडचे प्रकार म्हणजे शिडीवाला, पट्ट्याने खोडाला लटकवायचा आणि स्वतःसकट खोडावर चढत जाणारा क्लायंबर. बसायची उंची साधारण 15 ते 20 फूट. यापेक्षा वर गेलं की हरणाला माणूस कमी दिसतो हे खरं, पण बाणाचा कोन इतका उभा होतो की दोन्ही फुप्फुसं लागणं अवघड होतं, त्यामुळे उगाच उंच चढण्यात शहाणपणा नाही. विदर्भात बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्याशेजारी प्राणी बघायला मचाणावर रात्र काढलेल्यांना हे बसणं थोडंफार कळेल, फरक इतकाच की तिकडे नोव्हेंबरात पारा शून्याखाली असतो आणि ढोपरं आखडतात.

आता खरा मुद्दा, वारा. हरणाच्या डोळ्याला केशरी रंग भडक दिसत नाही, म्हणून बंदुकीच्या सीझनमध्ये धनुष्यवाल्यांनाही सक्तीने भडक केशरी जॅकेट घालावं लागतं तेव्हा फार बिघडत नाही (2016 पासून विस्कॉन्सिनमध्ये गुलाबीही चालतं). पण नाकाला फसवणं महाकठीण. म्हणून स्टँड कुठे लावला यापेक्षा आज वारा कुठून आहे हे आधी बघतात, आणि वारा चुकीचा असेल तर चांगला शिकारी त्या झाडावर जातच नाही. वारा बघायला बरेच जण खिशात मिल्कवीडच्या बोंडातला कापूस ठेवतात. आपल्या रुईची म्हातारी उडते ना, हे झाड त्याच कुळातलं, एकेक तंतू सोडायचा आणि तो कुठे जातो ते बघत राहायचं. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते तेव्हा तो तंतू दरीकडे घसरत जातो, ऊन पडून जमीन तापली की तोच वर चढायला लागतो. म्हणजे सहा वाजता जो स्टँड बरोबर होता तो नऊ वाजता चुकीचा असू शकतो.

बाण सोडायला कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते, त्यामुळे माणूस त्याही आधी, अंधारात लाल टॉर्च घेऊन पोचतो. चढताना धनुष्य हातात घ्यायचं नाही, वर जाऊन दोरीने ओढून घ्यायचं आणि पूर्ण अंगाचा हार्नेस (पडलं तर झाडाला धरून ठेवणारा पट्टा) जमिनीपासूनच झाडाला अडकवलेला हवा. या छंदात सगळ्यात मोठा धोका पडण्याचाच आहे, बाणाचा नाही. पडून हार्नेसवर लटकलं तरी सुटका नाही, पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साठतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून पाय ठेवायला एक जास्तीचा पट्टा जवळ ठेवतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेले नर माद्यांच्या मागे भर दिवसा फिरतात, एरवी ते अंधारातच हलतात. म्हणून लोक सुट्ट्या तेव्हाच टाकतात. अंतर शक्यतो 20-30 यार्ड आणि हरीण आडवं उभं हवं, समोरून तोंड करून असेल तर बाण सोडायचा नाही. शिवाय बाण सेकंदाला 280 फुटांच्या आसपास जातो आणि आवाज 1100 फुटांनी, म्हणजे 30 यार्डांवर दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी हरणापाशी पोचतो. तेवढ्यात ते उडी मारायला आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो.

लागलं तरी लगेच उतरून धावायचं नाही, हे नवख्यांना सगळ्यात जड जातं. बाण शोधून रक्त बघायचं. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबलं तरी पुरे. गडद लाल म्हणजे यकृत, काही तास. हिरवट, वास मारणारं म्हणजे पोटात लागलंय, मग निदान सहा-आठ तास, कारण आधीच मागे लागलं तर हरीण आणखी लांब पळतं आणि कुठेतरी वाया जाऊन मरतं. धनुष्यशिकारीवर टीका होते ती मुख्यतः या जखमी होऊन हाती न लागलेल्या हरणांवरूनच, आणि ती टीका मला अजिबात फालतू वाटत नाही.

मिळालेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत ऑनलाइन किंवा फोनवर करावी लागते. मांस विकायला बंदी आहे, घरी खायचं किंवा दान द्यायचं. पण 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा जीवघेणा रोग सापडला, आणि त्यामागचा प्रिऑन, म्हणजे बिघडलेलं प्रथिन, शिजवून मरत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी रोग असलेल्या भागात मानेतल्या गाठींचा नमुना टेस्टला देतात आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये चिठ्ठी लावून वेगळं ठेवतात.