आटपाडी ते आर्थर रोड: तुरुंगातल्या पुनर्वसनाची पार्श्वभूमी

कैद्याला नुसती शिक्षा भोगायला लावायची की त्याला पुन्हा माणसांत आणायचं, हा वाद आपल्याकडे जवळपास दोनशे वर्षं चालू आहे. पहिल्या फेरीत सुधारणेची बाजू सपशेल हरली. मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या तुरुंग समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला. कैद्यांना शिकवणं, चांगल्या वागणुकीबद्दल सवलत देणं, या कल्पना तिने मोडीत काढल्या. काम असं हवं की ते एकसुरी, कंटाळवाणं असावं आणि त्याची धास्ती बसावी, हा तिचा आग्रह होता. १८९४ चा तुरुंग कायदा याच मुशीतला. कोंडणं, मोजणं, राबवणं आणि शिस्त मोडली तर शिक्षा, एवढंच त्याला ठाऊक. पुढे सव्वाशे वर्षं देशातले बहुतेक तुरुंग त्याच कायद्यावर चालले, हे लक्षात ठेवल्याशिवाय नंतरच्या कोणत्याही सुधारणेची गोष्ट नीट कळत नाही.

कैदी बाहेर पडल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, हेही तुरुंगाचं काम आहे, असं सरकारी कागदावर पहिल्यांदा ठामपणे आलं ते १९१९-२० च्या कार्ड्यू समितीच्या अहवालात. पण त्याच सुमारास तुरुंगांचा कारभार प्रांतांकडे गेला आणि ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे काम केलं, किंवा केलं नाही.

धाडस केलं ते एका चिमुकल्या संस्थानाने. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते होते. इथे ते भारतानंद या नावाने ओळखले जात. वसाहतीला भिंत नव्हती. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनाही कसायला जमीन मिळाली आणि बायकापोरांना सोबत ठेवायची मुभाही.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात बांधावरून, पाण्यावरून, भाऊबंदकीतून कुऱ्हाड चालवणारा माणूस हा काही गुन्हेगारीवर पोट भरणारा नसतो. त्याला दहा-बारा वर्षं कोंडलं की दरम्यान घर उधळतं, पोरं कुठे कुठे पांगतात आणि सुटल्यावर तो जायचा कुठे, हा प्रश्न उरतो. स्वतंत्रपूरने तो प्रश्न पहिल्या दिवसापासूनच हाती घेतला. याच परिसरातल्या माडगुळ्याच्या गदिमांनी या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, वसाहत मात्र फार थोड्यांना. आणि ती सांगली जिल्ह्यात अजूनही चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर समित्यांची रांग लागली. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस १९५१-५२ मध्ये येऊन गेले, १९५८ मध्ये परिवीक्षेचा, म्हणजे दोषीला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याचा, केंद्रीय कायदा झाला (मुंबई प्रांताने तसा कायदा १९३८ मध्येच केला होता), १९६० मध्ये आदर्श तुरुंग नियमावली आली आणि १९८०-८३ मध्ये न्यायमूर्ती मुल्ला समिती. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या नावाने खुली शिबिरं निघाली, महाराष्ट्रात येरवड्याला आणि पैठणला खुली कारागृहं झाली. सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, शेती, चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत सूट, फर्लो (काही काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा), पॅरोल (घरच्या तातडीच्या कारणासाठीची रजा) अशी पुनर्वसनाची घडी बसत गेली.

पण ही सगळी घडी शिक्षाबंद्यांसाठी, म्हणजे पक्क्या कैद्यांसाठी बसवलेली होती. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. खटला चालू आहे, दोष ठरलेला नाही, अशी. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नसते, म्हणून कारखान्यात त्याला सहसा काम नाही. तो उद्या जामिनावर जाईल की चार वर्षं राहील हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्याच्यासाठी प्रशिक्षण आखलं जात नाही. दिवसभर बॅरॅकमध्ये बसून राहायचं आणि पुढच्या तारखेची वाट बघायची. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, तोच योजनेबाहेर राहतो.

ही पोकळी ओळखून काम सुरू झालं ते १९९० मध्ये, मुंबईत. टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘प्रयास’ हा प्रकल्प हाती घेतला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते तुरुंगाच्या आत जाऊन बसू लागले. तुरुंगातलं समुपदेशन म्हटलं की उपदेशाची प्रवचनं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात त्याची सुरुवात अगदी साध्या प्रश्नांनी होते. घरी कळलंय का? पोरं कोणाकडे आहेत? वकील आहे का? जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलाय का? नव्याने आत आलेल्या माणसाची झोप उडालेली असते, शरमेने तो घरच्यांना तोंड दाखवायला तयार नसतो. त्याच्या घरी एक निरोप पोचला, मूल शेजारणीकडे सुखरूप आहे एवढं कळलं, तरी पुढचं बोलणं शक्य होतं. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये आत्महत्याच सर्वाधिक असतात; त्यामुळे या कामाला वरवरची मलमपट्टी समजणं चूक आहे.

ध्यानधारणेची वाट वेगळी. विपश्यनेचं, म्हणजे दहा दिवस मौन पाळून करायच्या ध्यानाचं, तुरुंगातलं पहिलं शिबिर १९७५ मध्ये जयपूरला झालं. १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिराला बसले, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. अनेकांना त्याने खरोखर सावरलं असेल. तरी दहा दिवसांचं मौन आणि वर्षभर समोर बसून ऐकणारं माणूस या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि प्रशासनाला पहिली भागवणं नेहमीच सोपं गेलं आहे.

२०१६ च्या आदर्श नियमावलीने दर ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक आणि दर २०० मागे एक सुधारसेवा अधिकारी असावा असं म्हटलं. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशेषतः पहिल्यांदाच तुरुंगात आलेल्यांसाठी समुपदेशक नेमा, असं राज्यांना बजावलं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानेही तुरुंगांवर जबाबदारी टाकली. तरी रोजचं काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी संस्थांच्या खांद्यावरच राहिलं आहे, आणि संस्थेचं अनुदान आटलं की बंद्याच्या समोरची खुर्ची रिकामी होते.

महाराष्ट्रात अलीकडे चांगल्या गोष्टीही झाल्या. एरवी मुलाखत म्हणजे मध्ये काच आणि कानाला फोन. ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना बापाच्या मांडीवर बसता येतं. मे २०२२ मध्ये येरवड्यातून ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक बंद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज देते आणि फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून होते. मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, वकिलाची फी यासाठी आत बसलेला माणूस पैसे पाठवू शकतो, ही घरात पुन्हा उभं राहण्याची मोठी गोष्ट आहे. मात्र मजुरी सहसा पक्क्या कैद्यालाच, म्हणून कर्जही त्यालाच.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडायचं आहे. त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. असा माणूस फाटकाबाहेर पडेल तेव्हा त्याच्याशी आधी कोणी बोललेलं असेल का, त्याच्या घरच्यांना आणि कामाच्या ठिकाणी कोणी भेटून आलेलं असेल का, याची तरतूद त्या कलमात नाही. ती राज्याच्या नियमावलीत आणि पदभरतीत करावी लागेल.